‘त्रास झाल्यास येणे’

जुन्या डॉक्टरांनी माझ्या फाइलवर लिहिलेलं शेवटचं वाक्य : ‘त्रास झाल्यास येणे.’ त्याचा राग अजून जात नाही.

आजार अल्सरेटिव्ह कोलायटिस, अख्ख्या मोठ्या आतड्याला. आधी मूळव्याध म्हणून घालवलेले महिने, मग स्टिरॉइड, मेसालामाइन. या आजाराच्या माणसांना हे नवं नाही. पुढे मी बरी झाले. लग्न, मुलगी, नोकरी. गोळ्या नेमाने घेत होते, त्रास नव्हता, म्हणून गेले नाही.

गाव बदललं. नव्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला, ‘‘रक्त पडायला लागून किती वर्षं झाली?’’ तेरा. ‘‘आणि बरं असताना पूर्ण दुर्बीण कधी केली?’’ कधीच नाही. सगळे रिपोर्ट आजार उसळलेला असतानाचे, तेही बहुतेक खालच्या भागापुरते. सूज असताना पेशींतला बदल नीट ओळखू येत नाही, त्या म्हणाल्या. लक्षणं सुरू होऊन आठेक वर्षं झाली की आजार शांत असताना पूर्ण आतडं पाहायचं, पुढे धोक्याप्रमाणे एक ते पाच वर्षांनी.

म्हणजे ज्या काळात मला ‘येऊ नका’ सांगितलं गेलं, नेमकं तेव्हाच जायला हवं होतं! मुलीच्या लसींचं कार्ड दवाखान्याने तारखा घालून हातात दिलं. माझ्या जाडजूड फाइलीत तशी एक तारीख नाही. रुग्णाने हे कुठून ओळखायचं? पोट दुखत नाही, रक्त नाही, भूक छान. वाट कसल्या त्रासाची पाहायची? कर्करोगाच्याच ना?

तपासणीत आतड्यावर निळा रंग फवारला, तेव्हा एक सपाट डाग उठून दिसला. रिपोर्ट आला : लो-ग्रेड डिस्प्लेजिया. कर्करोग नव्हे, त्याच्या आधीची पायरी. दुर्बिणीतूनच तो काढला. आता दरवर्षी तपासणी.

आणि तरी, त्या जुन्या डॉक्टरांनीच मला मरणातून ओढून काढलं होतं. रात्री-अपरात्री यायचे, फी विचारली तर हात हलवायचे. त्यांच्याविरुद्ध बोललं की आई अजून रडते, आणि मलाही पुढे बोलवत नाही.

पण तुमचा आजार जुना असेल तर फाइलवर पुढच्या दुर्बिणीची तारीख मागून घ्या. पीएससी हा पित्तनलिकांचा आजार सोबत असेल तर आठ वर्षं थांबायचंच नसतं, निदानापासून दरवर्षी तपासणी लागते. डिस्प्लेजिया निघालाच, तर त्याच काचपट्ट्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. आम्ही दाखवल्या.