म्हातारी मनी

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आमच्या राहुरी तालुक्यात गाईचं दुखणं हा घराचा प्रश्न असतो आणि मांजराचं दुखणं हा चेष्टेचा विषय! महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी आणि गीर अशा तीन रक्तांची 'फुले त्रिवेणी' गाय इथेच घडवली. तिच्या दुधाची चर्चा आमच्याकडे शेंबडी पोरंही करतील. पण १४ वर्षांची मनी रात्री दोन वाजता माजघरात हंबरडा फोडू लागली तेव्हा, "म्हातारी झाली, चालायचंच," एवढंच निदान सर्वांनी केलं.

मला ते पटेना. म्हातारपणी जीव मंदावतो. ही तर उलट पेटली होती. पाठीवरची कातडी मधेच थरथरे, तळ्यावर वाऱ्याने उमटावी तशी लाट शेपटीपर्यंत जाई. मग कुणी चिमटा काढल्यासारखी ती गर्रकन वळे आणि पोट, मांड्या चाटत सुटे. चाटून चाटून पोटाची गुलाबी कातडी उघडी पडली. आजीने मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. त्या तडतडताच मनी कपाटावर जाऊन बसली. शेजारच्या काकूंनी पॅरासिटामॉलची अर्धी गोळी सुचवली. ती आम्ही दिली नाही हे बरंच झालं, कारण मांजराच्या यकृताला ते औषध पेलत नाही. थोडंसंही जिवावर बेततं.

अखेर गाय तपासायला आलेल्या डॉक्टरांपुढे मी मनीची टोपली ठेवली. ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी आजीकडे उवांची फणी मागितली, मनीच्या पाठीवरून फिरवली आणि निघालेली काळी कणी ओल्या पांढऱ्या फडक्यावर झटकली. कणी विरघळून तांबडी झाली, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. पिसवा दिसत नाहीत म्हणून नसतातच असं नव्हे. मांजर चाटताना त्या गिळून टाकतं, आणि त्यांची लाळ अंगाला सोसत नसेल तर दोनचार चावेही पुरतात. पण फडकं मातकटच राहिलं. मग त्यांनी कंबर, गुडघे दाबून पाहिले. सांधा दुखतो तिथेही मांजर चाटत बसतं म्हणे.

"आजी, हिचं खाणं कसं आहे?"

"खाते की! दोघींचं खाते. पण मेलीच्या अंगाला काही लागत नाही बघा."

डॉक्टरांची बोटं मनीच्या गळ्याशी गेली. थायरॉइडची ग्रंथी वाढली की शरीराची भट्टी विझतच नाही. भूक, तहान, छातीचे ठोके, चिडचिड, रात्रीचं ओरडणं, सारंच वाढतं. उतारवयातल्या मांजरांना हा रोग पुष्कळदा होतो. पशुवैद्यकाने तो ओळखला मात्र १९८० च्या सुमारास.

रक्त पुण्याला गेलं, संशय खरा ठरला आणि माणसांचीच कार्बिमाझोलची गोळी सुरू झाली. गंमत अशी की आजीही थायरॉइडचीच गोळी घेते, पण तिची वाढवणारी आणि मनीची कमी करणारी! घोटाळा नको म्हणून आजीने मनीच्या डबीवर चुन्याचं बोट ओढलं आहे.

दोन महिन्यांत पोटावर कापसासारखी लव आली, रात्री शांत झाल्या. पाठीवरची लाट मात्र अजून एखाद्या संध्याकाळी येते. ती सांध्यांची की नसांची, हे डॉक्टरांनाही ठरवता आलेलं नाही. त्यांना काळजी आहे ती मूत्रपिंडांची: थायरॉइडच्या जोरामुळे रक्त वेगाने वाहतं, त्यात त्यांचा अशक्तपणा झाकला जातो आणि औषधाने जोर ओसरला की उघडा पडतो. पुढच्या महिन्यात पुन्हा रक्त पाठवायचं आहे. आजीने टोपलीत आपलं जुनं लुगडं आताच घालून ठेवलं आहे.