पालवा बंदर : सुटी टिपणं

१
गेटवे ऑफ इंडियाच्या आधी तिथे ताजमहाल हॉटेल होतं. हॉटेल उघडलं १६ डिसेंबर १९०३ ला, गेटवे ४ डिसेंबर १९२४ ला. पाहुण्यांच्या खोल्या आधी झाल्या, घराला दार एकवीस वर्षांनी बसलं.

२
पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ ला पालवा बंदरावर उतरले. त्याची आठवण म्हणून ही कमान. वर तसं कोरलंही आहे. ते उतरले तेव्हा कमानीचा पायाचा दगडसुद्धा बसलेला नव्हता. तो बसला ३१ मार्च १९१३ ला. राजाराणीला पाहायला मिळाला तो पुठ्ठ्याचा नमुना, असं सांगतात.

३
वास्तुकार जॉर्ज विटेट. स्कॉटलंडचा माणूस, १९०४ मध्ये मुंबईत आला. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम त्याचं, सायन्स इन्स्टिट्यूट त्याची, परळचं केईएमही त्याचंच. गेटवेचा आराखडा मंजूर झाला ऑगस्ट १९१४ मध्ये. त्याच महिन्यात युरोपात महायुद्ध पेटलं. तरी इथे १९१५ ते १९१९ भराव घालणं आणि समुद्राची भिंत बांधणं चालू होतं. पाया पुरा झाला १९२० मध्ये. म्हणजे कमान उभी करायला लागला त्याहून जास्त वेळ तिला पाय टेकायला जमीन करण्यात गेला.

विटेट १९२६ मध्ये मुंबईतच आमांशाने वारला. शिवडीच्या दफनभूमीत आहे.

४
खर्च एकवीस लाख. पैसे संपले ते रस्त्यापाशी. कमानीसमोर सरळ येणारा थाटाचा रस्ता व्हायचा होता, तो झालाच नाही. त्यामुळे शहराकडून येणाऱ्याला कमान तिरकी सामोरी येते. मला हे बरं वाटतं. सरळ रस्ता असता तर त्यावरून फक्त गाड्यांचे ताफे गेले असते.

५
उंची २६ मीटर. मधल्या घुमटाचा व्यास सुमारे १५ मीटर. बाजूच्या दालनांत सहाशे माणसं मावतील, अशी सोय. कल्पना रोमन विजयकमानीची, नक्षी सोळाव्या शतकातल्या गुजरातची, जाळ्या ग्वाल्हेरच्या, दगड इथला पिवळसर, पैसे बहुतेक सरकारी.

माझं मत विचाराल तर विटेटचं म्युझियम याहून सरस. तिथे आत जाता येतं.

६
९ जानेवारी १९१५. 'अरेबिया' बोटीतून गांधी उतरले ते याच बंदरावर. बड्या लोकांसाठी राखलेली ही जागा त्यांना खास परवानगीने मिळाली. अंगावर काठियावाडी पोशाख. त्या दिवशी इथे कमान नव्हती.

७
चौकात विवेकानंदांचा पुतळा आहे. ते शिकागोच्या परिषदेसाठी ३१ मे १८९३ ला मुंबईहून बोटीने निघाले. येणाऱ्यांच्या चौकात हा पुतळा जाणाऱ्याचा.

८
१७ नोव्हेंबर १९२१. प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरला. कमान अर्धवट होती. त्याच दिवशी परळला परदेशी कापडाची होळी झाली आणि शहरात दंगल पेटली ती पुढे काही दिवस चालली. युवराजाचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे पार पडला.

९
विलायतेहून येणारे साधे प्रवासी बॅलार्ड पिअरवर उतरत. गेटवे त्यांच्यासाठी नव्हतं.

१०
फेब्रुवारी १९४६, नाविकांचं बंड. जहाजांवरच्या खलाशांचं अन्न तोडायचं ठरलं. मुंबईचे लोक खाण्याच्या टोपल्या, फळं, ब्रेड घेऊन गेटवेवर आले. दुकानदार आले, इराणी हॉटेलवाले आले. खलाशी होड्या घेऊन धक्क्याला येत आणि माल भरून परत जात. सैनिक बघत होते.

या प्रसंगाची पाटी चौकात माझ्या तरी नजरेस पडलेली नाही. राजाराणीची आहे.

११
२८ फेब्रुवारी १९४८. ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी, सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, या कमानीखालून बोटीकडे गेली. भारतीय सैन्याने त्यांना निरोपाची भेट दिली : गेटवेची चांदीची प्रतिकृती.

१२
कमानीसमोर पंचम जॉर्जचा पुतळा होता. २६ जानेवारी १९६१ पासून तिथे घोड्यावर शिवाजी महाराज आहेत. लाँचवाल्यांच्या भाषेत मात्र अजूनही 'पुतळ्यापाशी थांबा' एवढंच.

१३
ताज उलटं बांधलं गेलं, गोऱ्या वास्तुकाराने ते पाहून जीव दिला, ही गोष्ट चौकातला प्रत्येक गाइड सांगतो. मूळ वास्तुकार रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा. काम पुढे डब्ल्यू. ए. चेंबर्सने पुरं केलं. प्रवेश शहराच्या बाजूला ठेवला होता तो मुद्दाम, चुकून नव्हे. पण वैद्यांचं नाव सांगून टिप मिळत नाही.

१४
चौकाच्या एका अंगाला जुना यॉट क्लब. गोऱ्या साहेबांचा. त्या इमारतीत आता अणुऊर्जा खातं आहे. तेव्हाही तुम्हाआम्हाला आत जाता येत नसे, आताही येत नाही. कारण बदललं.

१५
फोटोवाला. गळ्यात कॅमेरा, खांद्याच्या पिशवीत छोटा प्रिंटर, हातात अल्बम. गावाकडचं एक कुटुंब उभं केलंय.

"काकू, पदर पुढे घ्या. काका, चष्मा काढा, चमकतोय. दादा, तू बाळाला वर धर."

काका म्हणाले, "अहो, मोबाइलमध्ये निघतोय की."

"मोबाइलातला भिंतीला लावणार का, काका?"

काकांनी चष्मा काढला.

१६
चौकातला सगळ्यात निरुपयोगी माल : माणसाएवढा फुगा. सगळ्यात चिवट विक्रेता : तोच विकणारा. गोरा पर्यटक नको म्हणतो, तरी हा कॉजवेपर्यंत बरोबर चालत जातो.

१७
२५ ऑगस्ट २००३ ला इथे टॅक्सीत बॉम्ब फुटला. २६ नोव्हेंबर २००८ ला ताजवर हल्ला झाला. त्यानंतर बॅरिकेड आले, झडती आली. लग्नाआधीचे फोटो काढायला आलेल्या मुलीचा मेकअपचा डबाही उघडून बघतात. पहाटे पाचचा मेकअप, सातची झडती.

१८
३ डिसेंबर २००८ ला हजारो लोक इथे जमले, रागाने. जानेवारी २०२० मध्ये विद्यार्थी निषेधाला जमले, रात्रभर बसले. मग पोलिसांनी त्यांना आझाद मैदानात नेलं. मुंबईत रागावण्याची नेमलेली जागा ती आहे. गेटवे आनंदी लोकांसाठी.

१९
व्हिक्टोरिया. उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये घोडागाड्या बंद करायला सांगितल्या. २०२१ मध्ये विजेवरच्या व्हिक्टोरिया आल्या. तोच आकार, तेच दिवे, घोडा नाही. मुलं विचारतात, घोडा कुठे गेला? गाडीवान विषय बदलतो.

२०
मे २०२१, तौक्ते. वादळाने समुद्राच्या भिंतीवरून लाटा आत फेकल्या. फरशा उखडल्या, कठड्याची मोडतोड झाली. लाटा ओसरल्यावर चौकात उरला तो प्लास्टिकचा ढीग. सगळा आपलाच. मुंबईने दिलेलं समुद्राने मुंबईच्या दर्शनी दारात परत टाकलं.

२१
रात्री कमानीवर रंगीत रोषणाई. समोर घारापुरी, लाँचने तासाभराची. त्या बेटावरच्या गावांत सरकारी वीज पोचली फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून.

२२
मांडव्याच्या लाँचच्या रांगेत दोन प्रकारची माणसं. एक, शुक्रवारी जाणारी : टोपी, गॉगल, कुत्रा. दुसरी, केव्हाही जाणारी : एक्स-रेचं मोठं पाकीट, औषधांची पिशवी, डुलक्या. तिकीट एकच, त्यातच मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस. डेकवर बसायला मात्र वेगळे पैसे.

ही दुसरी माणसं गेटवेचा फोटो काढत नाहीत.

२३
१८ डिसेंबर २०२४. घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' लाँचवर नौदलाची वेगवान बोट आदळली. माणसं बुडाली. त्यानंतर धक्क्यावर लाइफ जॅकेट सक्तीची झाली. जॅकेट घातलेले प्रवासी आता तशाच वेशात सेल्फी काढतात.

२४
कमान केंद्राच्या संरक्षित यादीत नाही. ती राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. दर्शनी भागात भेगा आहेत, काही ठिकाणी दगडातून झाडं उगवली आहेत, हे २०२३ मध्ये लोकसभेत सांगितलं गेलं. सरकारी उत्तराचा सूर काळजीचं कारण नाही असा होता. झाडांना कोणी विचारलं नाही.

२५
आता हाकेच्या अंतरावर, रेडिओ क्लबजवळ, नवी जेट्टी आणि टर्मिनल होणार. सुमारे २२९ कोटी. रहिवासी कोर्टात गेले : वाहतूक, गर्दी, वारसा. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने प्रकल्पाला वाट मोकळी केली, पण अटी घातल्या. अँफिथिएटर करायचं तर ते फक्त बोटीची वाट पाहणाऱ्यांना बसायला. करमणुकीचे कार्यक्रम नाहीत. कॅफेत पाणी आणि पाकीटबंद खाणं. जेवणाची सोय नाही.

राजासाठी बांधताना अटी नव्हत्या.

२६
त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, तिची चर्चा कमी झाली. नवी जेट्टी सुरू झाली की गेटवेचे चार धक्के टप्प्याटप्प्याने बंद करायचे. म्हणजे कमान राहील, पायऱ्या राहतील, फोटोवाले राहतील. लाँच जातील.

२७
समुद्राकडून येणाऱ्याने बघावी म्हणून ही कमान बांधली. आपण मुंबईकर ती जन्मभर मागच्या बाजूने बघतो. घारापुरीहून परतताना, शेवटच्या दहा मिनिटांत, ती सरळ समोर येते आणि शेजारी ताज. जायचं असेल तर धक्के चालू आहेत तोवर जा. पावसाळ्यात लाँचचा भरवसा नसतो.