पिटुनियाचे मौन

दिल्लीत अभ्यागत प्राध्यापक म्हणून आल्यापासून माझा रविवार बहुधा सरोजिनी नगरात जातो. जुनी सरकारी घरे पाडून तेथे ज्या उंच इमारती उभ्या राहिल्या, त्यांपैकी एकीत माझी मावसबहीण राहते. बाजारात कपड्यांच्या ढिगांभोवती माणसांचा पूर लोटलेला असतो. तिच्या गॅलरीत मात्र माघातल्या उन्हात पिटुनियाची फुले निवांत डोलत असतात. त्यांतल्या एका कुंडीपाशी मी नेहमी थांबते. तिच्या जांभळ्या फुलावर मध्यापासून कडेपर्यंत पांढरे पट्टे आहेत, जणू कोणी चांदणी रेखावी तसे. वनस्पतिशास्त्रातील माझ्या एका सहकाऱ्यांनी सांगितले तेव्हा कळले, की अशा फुलांत पांढरा रंग कोणी भरलेला नसतो. तेथे जांभळा रंग गप्प केला गेलेला असतो.

त्या पांढऱ्या पट्ट्यातही रंगाचे जनुक शाबूत असते. त्याची नक्कल उतरवून घेतलेला संदेशवाहक आरएनएही तयार होतो. पण त्या संदेशाचे प्रथिन होण्यापूर्वीच त्याचे तुकडे पडतात. पेशीत दुपेडी आरएनए आढळला, की एक विकर त्याचे सुमारे २१ अक्षरांचे बारीक तुकडे करते. असा एकेक तुकडा आर्गोनॉट नावाच्या प्रथिनात जाऊन बसतो, आणि त्याच्याशी जुळणारा मजकूर ज्या संदेशात सापडेल, तो संदेश हे प्रथिन कापून टाकते. या प्रथिनाचे जनुक बिघडलेल्या एका रोपट्याची पाने आर्गोनॉट या अष्टपाद सागरी जीवासारखी दिसली, म्हणून ते नाव. आणि त्या जीवाचे नाव ग्रीक पुराणातील नाविकांवरून आलेले. साहित्याच्या विद्यार्थिनीला गुंतवून ठेवायला एवढा धागा पुरेसा होता.

या मौनाचा शोध अपेक्षाभंगातून लागला. १९९० मध्ये अमेरिकेत रिचर्ड जॉर्गेनसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिटुनियाचा जांभळा रंग अधिक गडद व्हावा, म्हणून रंगाच्या जनुकाची जादा प्रत रोपात घातली. अनेक रोपांना पांढरी फुले आली. घातलेले जनुक तर बोलेनाच, पण मूळचेही मुके झाले. मौन घडवणारे हे लहान आरएनए वनस्पतींत प्रथम दिसले ते १९९९ मध्ये, अँड्र्यू हॅमिल्टन आणि डेव्हिड बॉलकम यांना. आणि २००५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले, की चांदणीसारखे पट्टे असलेल्या ‘रेड स्टार’ या बागेतल्या जातीतही हेच घडत असते, कोणी जनुक घातलेले नसताना.

हे ऐकत असताना मला माझा भाचा आठवला, आणि ती आठवण सुखाची नव्हती. नऊ वर्षांचा हा मुलगा दिल्लीतच जन्मला. मी प्रथम आले, तेव्हा तो धावत येऊन सांगे, “मावशी, माझी पतंग कटली!” मी म्हणे, “पतंग तो, रे. आणि कटली नव्हे, कापला गेला.” प्रत्येक वाक्यात मला दुरुस्त करण्याजोगे काही ना काही सापडे. आज तो माझे सारे मराठी समजतो. “पाणी आण रे” म्हटले, की उठतो, पाणी आणतो, आणि म्हणतो, “लीजिए, मावशी.” संदेश पोहोचतो, उच्चार मात्र होत नाही.

वनस्पतीने ही यंत्रणा विषाणूंपासून संरक्षणासाठीही राबवलेली आहे. टोमॅटोची पाने मुरडून टाकणाऱ्या एका विषाणूच्या नावातच नवी दिल्ली आहे. १९९०च्या दशकात ओळखला गेलेला हा विषाणू २०१२ मध्ये स्पेनमधील भाजीच्या मळ्यांत आढळला. त्याचे संदेशही झाड असेच कापू पाहते, आणि तो ही कात्री बोथट करणारी प्रथिने आपल्याबरोबर बाळगतो. परंतु आपला कोण आणि परका कोण, हे पेशीला भावनेने कळत नाही. तिच्याच रंगाचा संदेश अवाजवी प्रमाणात येऊ लागला, तर त्याचेही दुपेडी रूप तयार होते, आणि ती त्याला आक्रमणासारखेच वागवते.

माझे मराठी त्या मुलावर असेच आदळले असेल काय? तुलनेचा व्यवसाय करणाऱ्याने रूपकापासून सावध राहावे, हे मला ठाऊक आहे. भाषा म्हणजे जनुक नव्हे. मुलाला शाळा आहे, मैदान आहे, मित्र आहेत, आणि त्या सर्वांची भाषा हिंदी आहे. एका मावशीच्या दुरुस्त्यांनी कोणाची भाषा जात नाही. तरीही माझ्या वाट्याचा दोष या शहराच्या माथी मारून मला मोकळे होता येणार नाही. रंग गडद करण्याच्या हौसेने मीही जादा प्रती घातल्या होत्या.

१९९०च्या त्या प्रयोगात काही रोपांवर, पांढऱ्या फुलांच्या शेजारीच, पुन्हा जांभळी फुले धरणाऱ्या फांद्या फुटल्या होत्या. हे मी दिलासा म्हणून सांगत नाही. तसे घडले होते, एवढेच.

गेल्या रविवारी भाचा कुंड्यांना पाणी घालत होता. मी शेजारी उभी होते. माझ्याकडे न पाहताच तो म्हणाला, “मावशी, हा फूल काल खिलला.”

‘हे फूल’, ‘फुलले’, दोन्ही शब्द माझ्या ओठांवर आले. मी ते गिळले.

“कोणत्या कुंडीतलं रे?” एवढेच विचारले.