डावा कोपरा

नवरात्र सरले, भातकापणी आटोपत आली, की आमच्या पिंगुळीत एक निराळाच बाजार भरतो. त्यात तराजू नसतो आणि मालही दिसत नाही. हायवेच्या तिठ्यावर एक हॉटेल आहे, त्यात चार बाके आहेत आणि त्या बाकांवर सकाळ-संध्याकाळ चहाच्या कपासोबत माणसांच्या किमती ठरतात. यंदा कोणता राजपार्टी कोणत्या कंपनीत उभा राहणार, कोणाची स्त्रीपार्टी कोणी फोडली, वालावलकरांकडे कोण राहिला आणि मोचेमाडकरांकडे कोण गेला, हा त्या बाजाराचा नेहमीचा विषय. दशावताराचा हंगाम कार्तिकात जत्रांबरोबर सुरू व्हायचा. पण मला विचाराल तर हंगामापूर्वीची ही चर्चा पुष्कळदा नाटकापेक्षा अधिक रंगते. नाटकात संकासूर मध्यरात्रीपूर्वीच येऊन जातो. येथे तो दिवसभर कुठल्या ना कुठल्या बाकावर बसलेला असतो.

आमच्या गावाला बोलण्याची हौस असावी यात नवल नाही. चित्रकथीच्या पोथ्या मांडीवर घेऊन रामायण-महाभारत सांगणारे आणि कळसूत्री बाहुल्या नाचवणारे ठाकर कलावंत याच गावचे. त्यांतल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली तेव्हा सारा गाव आपल्यालाच मिळाल्यासारखा आठ दिवस ताठ मानेने हिंडत होता. गोष्ट सांगणे ही येथली पिढीजात विद्या आहे. ज्यांच्याकडे पोथी नाही ते तिठ्यावर बसतात, एवढाच फरक.

यंदा मात्र राजपार्टी मागे पडला आणि बाजारात एक पोरगा उभा राहिला.

हा पोरगा माझ्या शाळेतला. चौथीत असताना तो वर्गात फार थोडा वेळ असे. उरलेला वेळ मैदानाच्या कडेला गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेला असे. आता तो कुडाळला बारावीत आहे. बाप स्टेशनवर रिक्षा चालवतो, आई काजूच्या कारखान्यात जाते. मुलगा कबड्डी खेळतो आणि डावा कोपरा धरतो. ज्यांनी कबड्डी फक्त दूरदर्शनवर पाहिली असेल त्यांना कोपरा म्हणजे काय ते सांगायला हवे. चढाई करणारा तीस सेकंदांचा राजा असतो. तो येतो, मांडी थोपटतो, कॅमेरा त्याच्यावर, टाळ्याही त्यालाच. कोपऱ्यातला माणूस मात्र कडेला, जवळजवळ विसरल्यासारखा उभा असतो. चढाईवाला आत शिरला की हा हळूच त्याच्या पाठीमागे पडतो; आणि तो मधल्या रेषेकडे परतायला वळला, की त्या पळभरात सूर मारून त्याचा घोटा धरतो. साधला तर एक गुण. हुकला तर तोंडात माती, आणि आपणच बाद. चढाईवाला एका फेरीत तीन गडी मारून येऊ शकतो. पकड करणाऱ्याला एका पकडीचा एकच गुण. मैदानात आपले तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असतील, तरच त्या पकडीला दोन मिळतात. तेव्हा हा खेळ हिशेबाने पाहणाऱ्याने कोपऱ्यात उभे राहू नये. या पोराने तेथेच उभे राहायचे ठरवले. का, ते त्याला विचारले तर तो हसतो आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरतो.

श्रावणात पुण्याच्या एका संघाने त्याला पाहिले आणि बोलावले. तेथे राहायचे, तेथेच सराव करायचा आणि परीक्षेपुरते गावी यायचे, असे ठरले. पोराने होकार दिला. कागदावर काही झाले नाही. पण येतो म्हणाला. गणपती झाले आणि मुंबईचा एक संघ आला. त्यांनी महिन्याला मिळणारी रक्कम अधिक सांगितली. त्या दिवसापासून तिठ्यावरचा चहा दुप्पट खपू लागला.

पहिला पक्ष मुंबईचा. आता कोकणात मुंबईचा पक्ष नेहमीच बळकट असायचा. प्रत्येक घराचे एक दार पडवीकडे आणि एक मुंबईकडे उघडते. "मुंबय सोडून पुण्याक जावन काय करतलो?" असा त्यांचा एकच सवाल. दुसरा पक्ष शब्दाचा. "एकदा येतंय म्हणान सांगितल्यान ना? मगे संपला!" या पक्षाचे पुढारी आमचे निवृत्त पोस्टमन. त्यांनी उभ्या आयुष्यात दुसऱ्यांचे शब्द घरोघर पोचवले. तेव्हा शब्दाची चाड त्यांना असायचीच. तिसरा पक्ष सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्याने बोलणारा. त्याचे म्हणणे, पोराने कुठेच जाऊ नये. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा द्यावी, गावच्या मंडळाकडून खेळावे आणि खेळाडूंसाठी राखीव असलेल्या पाच टक्क्यांतून सरकारी नोकरी धरावी. यातला शेवटचा भाग सोडला तर त्यांचा खरा स्वार्थ कुणालाही दिसेल. डावा कोपरा गेला तर येत्या हंगामातल्या रात्रीच्या स्पर्धांत आमच्या मंडळाचे काय होणार, हे त्यांना आत्ताच दिसू लागले होते.

आणि मग कुणी तरी सिद्धार्थ देसाईचे नाव काढले. ते निघायचेच. हा सिद्धार्थ आमच्यापासून फार दूरचा नव्हे. सह्याद्री ओलांडला की पलीकडे चंदगड तालुका, त्यातल्या हुंदळेवाडीचा हा मुलगा. 2018 साली यू मुंबाने त्याला 36 लाख 40 हजारांना घेतले आणि पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे दोनशेहून अधिक गुण मिळवले. 2019 च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी 1 कोटी 45 लाख मोजले. त्या वर्षी एवढी बोली दुसऱ्या कुणावर लागली नव्हती. त्याचा थोरला भाऊ सूरज हाही त्याच संघात आला. "चंदगडाच्या झिलाक दीड कोटी गावले!" हे वाक्य तिठ्यावर मी इतक्या वेळा ऐकले आहे, की त्यातले पाच लाख कुणी वाढवले हे आता सांगता येणार नाही.

पण गोष्ट येथे संपवणे तिठ्याला सोयीचे असले तरी खरे नव्हे. दीड कोटींच्या त्या संघाने 2019 साली बारा संघांत अकरावा क्रमांक मिळवला. पुढे दुखापतीने सिद्धार्थला बराच काळ बाहेर बसवले आणि त्यानंतर तो दुसऱ्या संघांकडून खेळत राहिला, पूर्वीची ती बोली मात्र पुन्हा लागली नाही. खेळाडूचे शरीर हेच त्याचे शेत. ते एक वर्ष पडीक राहिले तर सावकार दुसऱ्या बांधावर जातो. शिवाय सिद्धार्थ चढाईचा गडी. पकडीच्या गड्याला पैसे मिळत नाहीत असे नाही; इराणचा फझल अत्राचली कोपऱ्यातच उभा राहतो आणि त्याला यू मुंबाने 2018 साली 1 कोटी दिले. 2023 साली पुणेरी पलटणने इराणच्याच महंमदरेझा शादलूसाठी 2 कोटी 35 लाख मोजले, आणि 2024 च्या मार्चमध्ये हैदराबादला ती स्पर्धा जिंकली. तेव्हा पुण्याचा कर्णधार होता आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. पुण्याच्या पक्षाने हा मुद्दा इतका ताणला, की अस्लमने जणू पिंगुळीच्या पोस्टमनांचा सल्ला घेऊनच पुणे निवडले असावे!

या साऱ्या गलबल्यात एक गृहस्थ गप्प बसत. वय पासष्टीच्या पुढचे, उजवी करंगळी वाकडी. तरुणपणी ते लालबागला गावकऱ्यांच्या खोलीत राहत आणि कबड्डी चांगली खेळतात म्हणून एका गिरणीत लागले होते. त्या काळी असेच होते. गिरण्यांचे, बँकांचे, कंपन्यांचे संघ असत आणि खेळाडूला पगाराची चिठ्ठी मिळे. लिलाव नव्हता, पण घरी मनिऑर्डर जाई. पुढे 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. गिरणी गेली आणि गिरणीबरोबर गिरणीचा संघही गेला. एके दिवशी दोन्ही पक्षांनी त्यांना निवाडा मागितला. ते कप खाली ठेवून म्हणाले, "माझ्या संघाक मालक व्हतो. मालकान गिरण बंद केल्यान, तेवा माझी पकड खंय मोडली नव्हती." आणि उठून गेले. हे मुंबईच्या बाजूने की पुण्याच्या, यावर नंतर तासभर वाद झाला.

मला या माणसांचा राग येत नाही. शहरातला शहाणा मनुष्य म्हणेल, दुसऱ्याच्या मुलाच्या आयुष्याची ही कसली उठाठेव? पण मी दोन गोष्टी पाहिल्या आहेत. या पोराला पहिले बूट घ्यायचे होते तेव्हा वर्गणीची वही याच हॉटेलात फिरली. निवड चाचणीला बापाची रिक्षा बंद पडली तेव्हा गाडी काढणारा न्हावी याच बाकावरचा. त्यांनी पोराला 'आपला' म्हटले ते फुकटचे नव्हे. त्याची किंमत त्यांनी दहा-दहा रुपयांनी भरली आहे. माझी तक्रार असलीच तर एवढीच, की महिनाभर त्याच्यावर बोलताना त्याच्याशी कुणी बोलले नाही. तो तिठ्यावरून सायकलने जाई तेव्हा सगळे एकदम थांबत, त्याला हात करत आणि तो वळणावर दिसेनासा झाला की पुन्हा सुरू होत. लग्नघरात नवरीसमोर हुंड्याचे बोलणे थांबावे तसे.

त्याची आई एकदा बाजारात भेटली. काजूच्या डिंकाने काळी पडलेली बोटे पदराआड घेत तिने विचारले, "गुरुजी, पुण्याक जेवूक काय घालतत?" मी म्हटले, खेळाडूंना चांगले घालतात, अंडी, दूध, कडधान्य. ती म्हणाली, "ता खरा, पण पेज?" सकाळी पेज मिळत नाही असा कुठलाही गाव तिच्या मते परदेशच. मुंबईत निदान पेज देणारी माणसे आहेत. मुंबईच्या पक्षाला हा मुद्दा सुचला नाही, हे त्यांचे दुर्दैव.

अखेर नवरात्रानंतर एका संध्याकाळी पोरगा माझ्या घरी आला. जन्मतारखेचा दाखला हवा होता. चौथीपर्यंतचे रजिस्टर आमच्या शाळेत. पडवीत बसला, चहा घेतला. मी विचारले, "कुठे ठरले?"

"पुण्याक."

"शब्द दिला होतास म्हणून?"

त्याने मान हलवली. ती होकाराची की नकाराची, कळले नाही. मग अर्धी विजार वर करून त्याने डावा गुडघा दाखवला. गुडघ्याच्या आतल्या बाजूला फुगवटी होती. "दोन वर्सां दुखता हा," तो म्हणाला. "मुंबयवाल्यांनी माझे पकडीचे व्हिडिओ बघल्यानी. पुण्याच्या सरांनी पयलो गुडघो बघल्यानी. म्हणाले, सा म्हयने खेळ नाय, पयलो ह्यो बरो करूया." थोडा थांबून म्हणाला, "मुंबयवाले पैसे जास्ती देयत व्हते. बाबांची रिक्षा..." आणि वाक्य तेथेच सोडले.

मी त्या गुडघ्याकडे पाहत राहिलो. चढाईवाला सत्तर-पंच्याहत्तर किलोचा, तो पूर्ण वेगात मागे फिरतो आणि ते सगळे ओझे याच्या या सांध्यावर येऊन आदळते. तिठ्यावर लाखांचे हिशेब झाले, शब्दाचे झाले, सरकारी नोकरीचे झाले. आणि ज्याच्यावर हे सारे उभे, तो गुडघा पोराने विजारीखाली झाकून दोन वर्षे गावासाठी खेळवला. सांगितले असते तर मंडळाने बसवले असते. आणि बसायचे नव्हते, म्हणून सांगितले नाही. मी दाखला दिला. आईला गुडघ्याचे ठाऊक आहे का, असे विचारले. "तिका सांगा नको," तो म्हणाला. मी सांगितलेले नाही. ती हा अंक वाचणार नाही, आणि वाचून दाखवणारा तिच्या घरात एकच आहे.

सहा महिने खेळ नाही, याचा अर्थ सहा महिने पूर्ण रक्कमही नाही. रिक्षाचे हप्ते तोवर आईच्या बोटांवर. पुढे गुडघा टिकेल की नाही, हे पुण्याचे सरही सांगू शकत नाहीत.

चावदिसाच्या सकाळी कारीट फोडून, फोव खाऊन तो घरोघर पाया पडून गेला आणि दोन दिवसांनी निघाला. कुडाळ स्टेशनवर तिन्ही पक्ष हजर. पोस्टमनांनी डब्यातली जागा आधीच धरून ठेवली होती. मुंबईच्या पक्षाने उकड्या तांदळाची पिशवी आणली होती. पेजेचा मुद्दा त्यांना उशिरा का होईना, पण पोचला होता. वाकड्या करंगळीच्या गृहस्थांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला, काही बोलले नाहीत. आई गाडीकडे न पाहता त्याच्या पिशवीची गाठ पुन्हा पुन्हा घट्ट करत होती. गाडी आली, पाच मिनिटे थांबावी असे वाटत असता दोनच मिनिटे थांबली आणि गेली.

परतताना न्हाव्याच्या गाडीत मी मागे बसलो होतो. नेरूरच्या रस्त्याचा फाटा मागे पडेपर्यंत कुणी बोलले नाही. मग पुढच्या सीटवरून पोस्टमन म्हणाले, "आता डाव्या कोपऱ्यार कोण उभो रवतलो?"

"गुरुजींच्या शाळेत एक हा," न्हावी म्हणाला. "चौथीत. बारको हा, पण पाय बरे धरता."

तिघांनीही एकदम माझ्याकडे वळून पाहिले.