मालकाच्या जबाबदारीवर

दुरुस्तीच्या दुकानातून मिळालेली पावती आपल्यापैकी किती जण उलटून पाहतात? मला ते व्यसन आहे. काही लोक लग्नपत्रिकेतली तळाची नावे आवडीने वाचतात, तशा मी पावत्यांच्या पाठी वाचतो. पावती घड्याळाची असो, मिक्सरची असो, नाही तर हल्लीच्या मोबाईलची असो, मजकूर बहुधा एकच : आग, चोरी, पाणी, मोडतोड यांस दुकानदार जबाबदार नाही, माल मालकाच्या जबाबदारीवर स्वीकारला जाईल, तीस दिवसांत माल न नेल्यास आमची जबाबदारी राहणार नाही. हे शेवटचे वाक्य मला फार आवडते. पहिले एकोणतीस दिवस ज्याच्यावर कसलीच जबाबदारी नव्हती, तो तिसाव्या दिवशी झटकणार तरी काय?

हे भांडण काही विजेच्या यंत्रांबरोबर जन्माला आलेले नाही. मनुस्मृतीने खटल्यांची जी अठरा पदे सांगितली आहेत, त्यांत कर्जाच्या मागोमाग दुसरा मान निक्षेपाचा, म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या हवाली केलेल्या वस्तूचा. तीच स्मृती परटाला बजावते की कपडे सावरीच्या गुळगुळीत फळीवर हळूहळू धुवावेत, एकाचे दुसऱ्याच्यात मिसळू नयेत आणि कोणाला अंगावर घालायला देऊ नयेत. (लाँड्रीतला आपला सदरा परक्याच्या अंगावर पाहण्याचा योग किती जुना आहे पहा!) आणि याज्ञवल्क्य म्हणतो, ठेव राजाने, दैवाने किंवा चोराने नेली तर ज्याच्यापाशी ती होती त्याने भरून द्यायला नको.

आपला करार कायदा १८७२ सालचा. तो जवळजवळ हेच बोलतो, फक्त श्लोकात नाही. शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी दुकानदाराने तुमच्या वस्तूची घ्यावी. घेतली आणि तरीही वस्तू गेली, तर वेगळा काही करार नसल्यास तो सुटला. मात्र काळजी घेतली होती हे दाखवायचे त्याने. कारण फळकुटाच्या पलीकडे काय चालते, हे अलीकडे उभ्या असलेल्या माणसाला कळणार कसे? दुरुस्तीला टाकलेल्या स्कूटरवर बसून गॅरेजमधला पोऱ्या चहा आणायला गेला आणि आपटला, तर मग काळजीबिळजी काही नाही. परवानगीवाचून वापरलेल्या वस्तूची नुकसानी सरळ भरून द्यायची.

मग त्या छापील ओळींचे काय? मद्रासेत एका लाँड्रीने २२० रुपयांची नवी साडी हरवली आणि पावतीवर बोट ठेवले : हरवल्यास निम्मी किंमत मिळेल. साठीच्या दशकात मद्रास उच्च न्यायालयाने ती अट मानली नाही. मानली असती, तर गिऱ्हाइकांच्या नव्या साड्या निम्म्या भावात लंपास करण्याचा परवानाच मिळाला असता! दिल्लीच्या एका बड्या हॉटेलात पाहुण्याने मोटारीची किल्ली नोकराच्या हाती दिली. ही १९९८ सालची गोष्ट. मोटार चोरीला गेली, आणि कुपनावर अर्थातच 'पाहुण्याच्या जबाबदारीवर'. विमा कंपनीने मालकाला पैसे दिले आणि ती हॉटेलच्या मागे लागली. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने हॉटेललाच धरले. स्वतःच्या निष्काळजीपणापुढे छापील ओळीची ढाल चालत नाही.

पण फार सावध गिऱ्हाईकही फसते. मद्रासकडच्याच एका बाईंनी जुने दागिने मोडून नवे करायला सोनाराकडे दिले. विश्वास नाही म्हणून रोज संध्याकाळी त्या अर्धवट दागिने स्वतः पेटीत घालत, कुलूप लावत आणि किल्ली घरी नेत. पेटी मात्र सोनाराच्याच खोलीत! एका रात्री दागिने गेले. १९३८ च्या निवाड्यांत हा खटला सापडतो. कोर्ट म्हणाले, संध्याकाळी माल तुम्ही परत ताब्यात घेतलात. रात्रीची जोखीम सोनाराची नाही.

या साऱ्यात दुर्लक्षित राहते ते तारखेचे कलम, एकशेएकसष्टावे. ठरल्या वेळी माल परत मिळाला नाही आणि त्यात दोष दुकानदाराचा असला, तर तेथून पुढच्या नुकसानीला तो जबाबदार. इंग्लंडात १९१७ साली एका बाइंडरने पुस्तके वेळेवर परत केली नाहीत, तोवर आग लागली. आगीत त्याचा काही दोष नव्हता, तरी भरपाई त्याच्याच माथी आली. 'उद्या या' हा तर आपल्याकडच्या दुरुस्तीचा मूलमंत्र! त्या मंत्राची किंमत आमच्या घरी १९६१ साली कळली.

आईच्या लग्नात तिच्या वडिलांनी दिलेले लंबकाचे घड्याळ पुण्यात नदीकाठच्या पेठेतल्या एका घड्याळजीकडे होते. शनिवार, ८ जुलैचा वायदा. शनिवारी तो म्हणाला, "स्प्रिंग मुंबईहून यायची आहे, सोमवारी या." सोमवारी म्हणाला, "गुरुवारी नक्की." मधल्या बुधवारी पानशेतचे धरण फुटले.

पाणी ओसरल्यावर वडील मला घेऊन गेले. दुकानात गुडघाभर गाळ होता. घड्याळजी फळीवर बसून परातीतल्या रॉकेलमध्ये चाके धूत होता. नावांच्या चिठ्ठ्या वाहून गेल्या होत्या. "साहेब, तुमचं काय ते तुम्हीच ओळखा," एवढेच तो बोलला. आमचा लंबक सापडला. मागे पितळेवर आजोबांनी लग्नाची तारीख कोरून घेतली होती. बाकीचे घड्याळ मुठेने नेले.

मामा वकील. तो म्हणाला, "भाऊजी, कलम स्पष्ट आहे. शनिवारी दिलं असतं तर बुधवारी ते तुमच्या भिंतीवर असतं."

"आणि वसूल काय करू? त्याची परात?" वडील म्हणाले.

आई आतून पाणी घेऊन आली. भांडे मामापुढे ठेवत म्हणाली, "दादा, घड्याळ माझ्या बाबांनी दिलेलं, आणि सूट देणारे हे कोण?"

वडील काही बोलले नाहीत. दावा झाला नाही. लंबक फडताळात राहिला, आणि दर दिवाळीला पितळेची भांडी घासताना आई तोही चिंचेने लख्ख घासून परत ठेवी. वडिलांच्या थोरपणाच्या गोष्टी मी पुष्कळ ऐकल्या, पण या एका बाबतीत मी आईच्या बाजूचा आहे. दुसऱ्याच्या खिशातून केलेले दान ते!

त्या घड्याळजीने गिऱ्हाइकांच्या मालासह दुकानाचा विमा उतरवला असता, तर वडिलांना थोर व्हावे लागले नसते आणि आईला गप्प बसावे लागले नसते. इथे बहुतेकांचा समज चुकतो. दुकानदार छातीठोकपणे सांगतो, "आमचा विमा आहे." असतो, पण तो त्याच्या कपाटांचा, हत्यारांचा, विक्रीच्या मालाचा. आगीच्या नेहमीच्या पॉलिसीत दुसऱ्याचा ताब्यातला माल स्पष्ट लिहून घेतल्यावाचून धरला जात नाही. इकडे आपण घरच्या सामानाचा विमा उतरवलेला असतो, तो सामान्यतः घराच्या पत्त्याला चिकटलेला. म्हणजे पंखा घरातून निघून दुकानात पोचला की तो दोन छत्र्यांच्या बरोबर मध्ये उभा! मोटारीला सक्तीचा जो तिऱ्हाइताचा विमा, तो तर आपल्या गाडीच्या नुकसानीकडे ढुंकूनही पाहत नाही. दुकानदाराची चूक असेल तर ग्राहक आयोग आहे. तिथे दोन वर्षांच्या आत जावे लागते, आणि मोजलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्कही पडत नाही. पण चूक कोणाचीच नसेल, नुसता पूरच आला असेल, तर आयोग तरी काय करणार? तिथे उपयोगी पडतो तो फक्त विमा.

म्हणून हल्ली मी वस्तू टाकताना दोन प्रश्न विचारतो. गेल्या महिन्यात आमच्या कोपऱ्यावरच्या मिक्सरवाल्याला विचारले, "गिऱ्हाइकांच्या वस्तूंचा विमा आहे का?" तो म्हणाला, "काका, वीस वर्षांत विचारणारे तुम्ही पहिले." मग त्याने मागच्या फळ्यांवर खच्चून भरलेल्या मिक्सरांकडे वळून पाहिले, आणि एजंटाचा नंबर आहे का म्हणून मलाच विचारले. मी दिला. दुसरा प्रश्न तारखेचा. पावतीवर त्याने 'शनिवार' लिहिले. मी म्हटले, नुसता वार नको, तारीख घाला. त्याने तारीख घातली, क्षणभर विचार केला, आणि पुढे बारीक अक्षरात लिहिले : 'बहुतेक'.