चौथा कोपरा

तसबिरींच्या दुकानात माणसे चित्र घेऊन येतात आणि चित्राविषयीच बोलतात. फार तर पट्टीचा रंग निवडतात. चौकटीच्या कोपऱ्याची आठवण त्यांना होते ती तो उघडल्यावर. राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रे साध्या घरांतही पोचली. कागदावरच्या देवतेला दमट भिंतीवर टिकायचे तर पुढे काच हवी, मागे फळी हवी, आणि या दोहोंना धरून ठेवणारी चार लाकडे हवीत. चित्रांचा अभ्यास पुष्कळ झाला. त्या चार लाकडांकडे अभ्यासकाची नजर क्वचितच गेली.

चार लाकडे, चार कोपरे, आठ काप. प्रत्येक काप ४५ अंशांचा, म्हणजे आठांचे मिळून ३६० भरले पाहिजेत. करवतीचा साचा पाव अंशाने जरी सरकलेला असला, तरी आठ कापांत दोन अंशांची तूट साचते. पहिले तीन कोपरे ती मुकाट्याने गिळतात. चौथा मात्र मिटत नाही. ५० मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर तेथे सुमारे अडीच मिलिमीटरांची फट राहते. नवखा कारागीर सारा राग त्या कोपऱ्यावरच काढतो, तोच पुनःपुन्हा तासत बसतो. वस्तुतः त्याच्या वाट्याचा अपराध एक चतुर्थांशच असतो.

कोन अचूक असूनही काम बिघडते. समोरासमोरच्या पट्ट्या केसभर लहानमोठ्या झाल्या की पुरे. म्हणून जाणता कारागीर त्या जोडीने, एकाच अडणीला टेकवून कापतो; करवतीने किंचित जास्त ठेवतो आणि उरलेले रंध्याने पापुद्र्यापापुद्र्याने काढतो. ४६ आणि ४४ अंशांचे दोन काप मिळूनही काटकोन होतो, हे त्याला ठाऊक असते. परंतु तेथे कापांची लांबी जुळत नाही आणि नक्षीची रेघ कोपऱ्यावर मोडते. कापलेल्या टोकाचे तंतू सरस पाण्यासारखा पिऊन टाकतात, तेव्हा पहिला हात पातळ सरसाचा देऊन तो मुरू द्यावा लागतो. मग दुसरा हात, भोवती सुतळीचा फास, काडीने पीळ, आणि दोन्ही कर्ण मोजून गुण्याची खात्री. अखेरीस बारीक खिळा. या खिळ्याला मराठीत ‘चूक’ असे नाव आहे. भाषाभ्यासकाला त्यात गंमत वाटेल. सुताराला वाटत नाही, कारण कोरड्या सांध्यात ठोकलेली चूक काही काळाने खरोखरच चूक ठरते.

हे सारे निवांतपणी ठीक. परंतु चौकट पुष्कळदा तेराव्या दिवसासाठी हवी असते. एखाद्या घरात गेलेल्या बाईचे एकच छायाचित्र असते, तेही कोणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातले, आणि ती त्यात अगदी कडेला उभी असते. पट्टीच्या खाचेत तिचा खांदा आधीच थोडा दडलेला असतो. अशा वेळी चौथा कोपरा उघडा राहिला, तर चारही पट्ट्या पुन्हा कापता येतात. पण मग चौकट लहान होते, काच छाटावी लागते, कागदही छाटावा लागतो, आणि ती बाई आणखी दोन-तीन मिलिमीटर लाकडाखाली जाते. दुसरा मार्ग फट भरण्याचा. सरसात कालवलेला भुसा दाबून वर रंगीत मेण घासले की ती दिसत नाही. पक्के कारागीर याला लबाडी म्हणतात. हा त्यांचा कडकपणा लाकडाच्या बाजूचा आहे, चित्राच्या बाजूचा नव्हे. तथापि भरलेल्या फटीने सांध्याला बळ येत नाही, आणि चौकटीवर काचेचे आणि रोजच्या हाराचे ओझे असते. उरतो तिसरा मार्ग, नव्या पट्टीचा. तो पदरमोडीचा आणि जागरणाचा. त्याचे पैसे मागता येत नाहीत, कारण गिऱ्हाइकाला पहिली चौकट कधी दिसलेलीच नसते.

एवढे करूनही लाकूड आपल्या धर्माने वागते. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही; रुंदीत मात्र ऋतूप्रमाणे फुगते आणि आकसते. प्लास्टिकच्या पट्ट्यांना हा ताप नाही, म्हणूनच हल्ली त्या बहुतेक दुकानांत टांगलेल्या दिसतात. परंतु श्रावणात रत्नागिरीस जोडलेली लाकडी चौकट एखाद्याच्या बदलीबरोबर दिल्लीला गेली, तर मे महिन्याच्या कोरड्या झळांत तिचे कोपरे आतल्या अंगाने उघडतात. बाहेरची टोके मिटलेलीच राहतात. पट्टी जितकी रुंद, तितकी फट मोठी. ती तेव्हाच कठीण लुकणाने भरली, तर पावसाळी हवेत फुगणाऱ्या लाकडाला आत जागा उरत नाही आणि सांधा बाहेरून फाटतो. तिथला जुना कारागीर अशी चौकट उलटीसुलटी करून पाहतो, कोपऱ्यावरून नख फिरवतो, आणि गिऱ्हाइकाला ऑगस्टमध्ये यायला सांगतो.