उरलं, निववलं, गोठवलं

भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवसापासून मला ठरावीक फोन येतात. ‘मसालेभात बराच उरलाय, मटकीची उसळही आहे. फ्रीजरमध्ये टाकलं तर किती दिवस टिकेल?’ मी उलट विचारते, ‘केलं किती वाजता आणि फ्रीजमध्ये गेलं किती वाजता?’ यावर बहुतेकांना आठवावं लागतं. दुपारी बाराला भात झाला, शेवटची पंगत उठायला तीन वाजले, मग जरा आडवं होणं, मग चहा, मग आलेल्यांची पाठवणी. झाकण घातलेलं पातेलं तोवर ओट्यावरच होतं, रात्री आवराआवर करताना ते आत गेलं.

अन्नातले सूक्ष्मजीव हा माझा विषय. आधी गोठवलेले पदार्थ बनवणाऱ्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळली, आता विद्यार्थ्यांना शिकवते. एवढ्या कामातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. फ्रीजर अन्न सुधारत नाही, आहे तिथे थांबवतो. जसं आत जाईल तसंच, किंबहुना थोडं उतरूनच, ते बाहेर येतं. म्हणून उरलेल्याचं काय करायचं हे जेवणं झाल्या झाल्या ठरवायला हवं. चौथ्या दिवशी ‘टाकवत नाही’ म्हणून डबा फ्रीजरमध्ये सारला, तर आपण चार दिवसांचं शिळं अन्न जपून ठेवलेलं असतं.

भाताचं उदाहरण घेते, कारण आपल्या घरात सगळ्यांत जास्त तोच उरतो आणि सगळ्यांत निरुपद्रवीही तोच वाटतो. तांदळाबरोबर शेतातल्या मातीतून बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू येतात. ते उकळत्या पाण्यात मरत नाहीत. भात कोमट झाला की जागे होतात, वाढू लागतात, आणि त्यांच्यातले काही एक विष तयार करतात, त्याने पोटात मळमळून उलट्या होतात. जिवाणू पुन्हा गरम केल्यावर मरतील, पण हे विष १२१ अंश सेल्सिअसला दीड तास ठेवलं तरी टिकून राहतं. आपला कुकर शिट्टीच्या वेळी साधारण १२० अंशांपर्यंत जातो, म्हणजे कुकरलाही ते दाद देत नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये चिनी उपाहारगृहांतला फ्राइड राइस खाऊन लोक आजारी पडले, तेव्हा हा प्रकार नीट लक्षात आला. तिथे भात आधी शिजवून ढिगाने बाहेर ठेवला जाई आणि मागणी येईल तसा परतून दिला जाई. आपला फोडणीचा भात त्याच वाटेने जातो. त्यात दोष फोडणीचा नसतो, आधीच्या काही तासांचा असतो.

मग आपल्या आज्या रात्रभर भात ठेवून सकाळी फोडणी घालत, त्यांचं काय? त्या भात मोजून रांधत, उरलाच तर थोडा उरे आणि तेवढा लवकर निवे. आमटीला त्या रोज रात्री एक खळखळून उकळी काढून ठेवत. ही रीत मला अतिशय शहाणपणाची वाटते. उकळीने वाढीला लागलेले जिवाणू मरतात आणि पुढचे काही तास हाती येतात. बीजाणू मात्र शिल्लक असतात, म्हणून उकळी पुन्हा पुन्हा काढावी लागे. फ्रीज आल्यावर आपण उकळी सोडली आणि निववायचंही विसरलो.

निववणं ही या सगळ्यातली खरी कळीची पायरी आहे, आणि नेमकी तीच पाकपुस्तकांत नसते. साठ अंशांच्या वर आणि पाच अंशांच्या खाली जिवाणूंची वाढ जवळपास थांबते. मधला पट्टा शक्य तितक्या लवकर ओलांडायचा. व्यावसायिक स्वयंपाकघरांत वापरला जाणारा एक नियम असा: पहिल्या दोन तासांत २१ अंशांपर्यंत यायचं आणि पुढच्या चार तासांत पाच अंशांवर. मोठ्या पातेल्यातली दाट उसळ हे कधीच साधू शकत नाही. वरून हाताला गार लागते, पण मधोमध थर्मामीटर घातला की तासाभरानंतरही पन्नासच्या आसपास आकडा दिसतो. मटणाचा रस्सा तर आणखी नाजूक. त्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जन्स हा जिवाणू ४५ अंशांच्या सुमारास इतका झपाट्याने वाढतो की अनुकूल स्थितीत दहा-बारा मिनिटांत त्याची संख्या दुप्पट होते. कार्यालयातल्या मोठ्या हंड्यांमधून होणाऱ्या विषबाधांत त्याचा हात बऱ्याचदा असतो.

उपाय घरातच आहे. भात परातीत पसरावा. आमटी-उसळीचं पातेलं परातीतल्या थंड पाण्यात ठेवून डावाने ढवळत राहावं, पाणी कोमट झालं की बदलावं. वाफ जिरली की छोट्या डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवावं आणि पूर्ण गार होईपर्यंत झाकण किलकिलं ठेवावं. मग फ्रीजर.

आता काय गोठवावं? इथे पिठूळपणाचं, म्हणजे स्टार्चचं, शास्त्र कामाला येतं. शिजलेल्या स्टार्चचे रेणू गार झाल्यावर पुन्हा एकमेकांना चिकटून कडक होतात, आणि हे सगळ्यांत वेगाने होतं ते फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, चार अंशांच्या आसपास. म्हणून फ्रीजमधली पोळी बाहेरच्या पोळीपेक्षा लवकर वातड होते. उणे १८ अंशांना ही क्रिया जवळजवळ थांबते. तेव्हा पोळी उद्या खायची असेल तर डब्यात बाहेर ठेवा, आठवड्याने खायची असेल तर सरळ फ्रीजरमध्ये टाका. मधला मार्ग तिला मानवत नाही. भाताचंही तेच, फक्त फोडणीच्या भाताला फ्रीजमधला सुटा, टणक दाणाच हवा असतो. एक रात्र फ्रीजमध्ये राहिलेला भात त्यासाठी उत्तम.

वरण, आमटी, उसळ, कांदा-खोबऱ्याचं वाटण, राजमा, रस्सा हे गोठवण्याच्या परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण होतात. इडली आणि पुरणपोळीही. बटाटा नापास, तो विरघळल्यावर रवाळ आणि पाणचट लागतो. कढी फुटते, पिठल्याला पाणी सुटतं. साबुदाण्याची खिचडी गोठवू नये, ती ज्या दिवशी केली त्याच दिवशी संपवावी.

माझ्या मते उरलेलं जसंच्या तसं गोठवण्यापेक्षा त्याचा पदार्थ करून गोठवणं जास्त फायद्याचं, कारण मग तो डबा पुढे खरोखर खाल्ला जातो. वाटीभर फ्लॉवरची भाजी फ्रीजरमध्ये टाकली तर ती तिथेच जुनी होते. तीच भाजी, वाटीभर भात, भाजणी, कांदा, तिखट-मीठ एकत्र मळून थालीपिठं थापली, दोन्ही बाजूंनी अर्धी कच्ची भाजून निववली आणि मध्ये बटर पेपर घालून गोठवली, तर घाईच्या संध्याकाळचं जेवण तयार असतं. कारखान्यात पराठे असेच अर्धे भाजून गोठवतात. ही थालीपिठं विरघळवायची नाहीत. थेट तव्यावर, मंद आचेवर, आधी झाकण ठेवून, मग काढून तेल सोडायचं. वरणफळांचं वरण गोठवावं, फळं आयत्या वेळी सोडावीत. मटकीच्या उसळीत वाटण घालून मिसळीचा रस्सा करून ठेवावा.

पूर्ण ताटच एका डब्यात गोठवायचा मोह मात्र आवरा. अमेरिकेत १९५० च्या दशकात स्वॅन्सन कंपनीचं टीव्ही डिनर गाजलं: ॲल्युमिनिअमच्या कप्प्यांच्या ताटात टर्की, रताळं, वाटाणे. त्या कामातल्या बेटी क्रोनिन माझ्याच विषयातल्या, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. सगळे पदार्थ एकाच वेळी सारखे गरम व्हावेत, हा त्यांच्यापुढचा मोठा पेच होता. आपल्या डब्यात भात कोरडा पडेपर्यंत उसळीच्या मधोमध बर्फ राहतो. वेगळे डबे करा.

गोठवताना पिशवी आडवी ठेवून रस्सा बोटभर जाडीचा पसरवा. जाडी निम्मी केली की गोठायचा वेळ निम्म्याहून कमी होतो, बर्फाचे कण बारीक राहतात आणि पदार्थाची वीण टिकते. गोठल्यावर या पिशव्या पुस्तकांसारख्या उभ्या रचता येतात. हवा काढून टाका, नाही तर पृष्ठभागावरचा बर्फ सरळ वाफ होऊन निघून जातो आणि पांढरट, कोरडे डाग पडतात. नाव आणि तारीख चिकटपट्टीवर लिहा. फ्रीजरवरचे ताऱ्यांचे आकडेही बघा: एक तारा म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८ अंश. एकदारी जुन्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात एखाद्या आठवड्यापलीकडचा बेत करू नये. तीन ताऱ्यांत दोन-तीन महिने चवीला बरे जातात.

गरम करताना मायक्रोवेव्हची एक खोड माहीत हवी. त्या लहरी पाणी भराभर शोषतं, बर्फ जवळजवळ शोषत नाही. कडेला थोडं वितळलं की सगळी ऊर्जा त्या पाण्यात जाते, कड उकळते आणि मध्ये गोळा तसाच. म्हणून कमी शक्तीवर, थांबत-थांबत, ढवळत गरम करा. त्यापेक्षा मला पातेलं जवळचं वाटतं. पातळ लादी मोडून टाकायची, दोन चमचे पाणी, झाकण, आणि सगळीकडून खळखळून उकळी येईपर्यंत थांबायचं. मध्यभागी ७५ अंश गाठले पाहिजेत. ओट्यावर रात्रभर विरघळवू नका आणि एकदा गरम केलेलं परत गोठवू नका.

चव उतरते ती मुख्यतः वासाची. हिंग, कढीपत्ता, लसूण यांचे सुगंध उडून जातात. म्हणून गरम झाल्यावर वरून चमचाभर तेलाची ताजी फोडणी द्यावी, कोथिंबीर आणि ओलं खोबरं तेव्हाच घालावं. माझ्याकडे हे न चुकता होतं आणि त्याशिवाय मी गोठवलेली आमटी पानात वाढत नाही.

परदेशी मुलांकडे काही महिने राहून परतणाऱ्या आया निघण्याआधी त्यांचा फ्रीजर भरून ठेवतात. त्यातल्या काही मला आधी फोन करतात. शेवटच्या दोन दिवसांत सगळं रांधू नका, असं मी त्यांना सांगते. एवढा गरम स्वयंपाक एकदम आत गेला तर फ्रीजरचं तापमान चढतं आणि आधीचंही बिघडतं. रोजच्या स्वयंपाकात दोन वाट्या जास्त करा, त्याच संध्याकाळी निववून गोठवा. पोळ्या चार-चारच्या गठ्ठ्यांत बांधा, म्हणजे एका वेळी लागतील तेवढ्याच निघतील. पुरणपोळ्यांमध्ये कागद घाला. भात करून ठेवू नका, तो मुलांना ताजा लावता येतो.